अर्धं शटर

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. किल्ली करायला आलेल्या गिऱ्हाइकाने दोनदा "झाली का?" असं विचारलं की मी त्याच्या हातात कानस देतो आणि म्हणतो, "घ्या, तुम्हीच घासा." तरी लोक माझ्याकडेच येतात, कारण माझी किल्ली कुलपात अडत नाही. दुकान म्हणजे एक टेबल, किल्ली कापायचं मशीन आणि बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. त्या भिंतीच्या पलीकडे बँक. एका बाजूला तिजोरी आणि दुसऱ्या बाजूला किल्लीवाला, यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे माझे ऐकून झाले आहेत.

त्या बँकेची मॅनेजर माझी धाकटी बहीण. गल्ली तिला मॅनेजरबाई म्हणते, मी चिमी म्हणतो. लहानपणी ती इतकी किरकोळ होती की आई तिला पाटीत बसवून बाजारात न्यायची. आता चष्मा लावून काचेच्या केबिनमध्ये बसते आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसं तिच्यासमोर टोपी काढून उभी राहतात. मला आतून फार बरं वाटतं, पण तोंडावर मी तिला कधी तसं म्हटलं नाही.

बँक छोटी. शहरात तिच्या आणखी चार-पाच शाखा आहेत, पण पहिली शाखा आमची. गल्लीतल्याच लोकांनी कधीकाळी एका खोलीत ती सुरू केली, कारण मोठ्या बँकेच्या दारातला शिपाई त्यांना पायरीवरूनच परत पाठवायचा. मलाही पाठवलं होतं. किल्ली कापायच्या मशीनसाठी कर्ज हवं म्हटल्यावर तिथल्या साहेबाने माझ्या नखांतल्या काळ्या रेषांकडे बघितलं होतं. या बँकेने माझं दुकान बघितलं, शेजाऱ्यांना विचारलं आणि मशीन दिलं. धुणंवालीचं खातं हिच्यात, रिक्षावाल्याचं हिच्यात, रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाईंचंही हिच्यात. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी चिमी स्वतः कागद घेऊन जाते. फॉर्म भरता येत नसेल तर शेजारी बसून भरून देते, आणि वर दमही देते, "मावशी, सही येते ना? मग अंगठा कशाला? करा सही." कुणाच्या पोरीची फी भरायची वेळ झाली की आधी हिचा फोन येतो. बँकेच्या पुस्तकात असलं काम लिहिलेलं नसावं. पण आमच्याकडे बँक म्हणजे हेच, आणि मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं.

आता माझ्या बायकोचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

ती रफू करते. फाटलेलं कापड तिच्या हातात द्या आणि दुसऱ्या दिवशी भोक कुठे होतं ते शोधत बसा. त्याच कापडाच्या कडेतून दोरा ओढून काढायचा आणि त्याच दोऱ्याने एक उभा, एक आडवा असं विणत जायचं, हे काम डोळ्यांचं आहे. आणि तिला डोळा एकच. दुसरा काही वर्षांपूर्वी गेला, तेव्हा आम्ही औषधाच्या थेंबांवर भरवसा ठेवून उशीर केला होता. त्या आठवड्यात एकदा ती सुई खाली ठेवून म्हणाली, "अहो, कोपऱ्यातून काहीतरी काळं वर सरकतंय. सावलीसारखं." मागच्या खेपेलाही तिने अगदी हेच सांगितलं होतं.

डॉक्टर तरुण होता आणि सरळ बोलणारा. म्हणाला, "डोळ्याचा पडदा सुटतोय. मधला भाग अजून जागेवर आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर राहील. सोमवारी सकाळी घेऊ. पैसे मात्र आधी भरावे लागतील, ते माझ्या हातात नाही." पैसे होते. आम्ही दोघांनी मिळून साठवलेली ठेव चिमीच्या बँकेत होती, मोडायची आणि भरायची. चिमीला फोन केला तर ती म्हणाली, "दादा, शुक्रवारी दुपारी ये. सगळं तयार ठेवते." मी निश्चिंत झालो. मला वाटलं, या खेपेला आपण वेळेवर आहोत.

शुक्रवारी सकाळी एक नंबरकाका गेले.

एक नंबरकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे. बँक निघाली तेव्हा पहिलं खातं त्यांनी उघडलं होतं, म्हणून हे नाव पडलं. तेही कुणी नाव विचारलं की "एक नंबर" असंच सांगायचे आणि गालातल्या गालात हसायचे. आमच्या गल्लीची एक रीत आहे. गल्लीतलं कुणी गेलं की त्याची गाडी रस्त्यावरून जाईपर्यंत सगळी दुकानं शटर अर्ध्यावर ओढतात. पूर्ण बंद करत नाहीत, कारण गेलेल्या माणसाचंही पोट याच रस्त्यावर भरलेलं असतं. मी ओढलं, समोरच्या लोखंडवाल्या शेठने ओढलं, न्हाव्याने ओढलं. आणि चिमीने बँकेचं ओढलं. का ओढणार नाही? पहिला खातेदार गेला होता. बँक गल्लीचीच, मग गल्लीचा रिवाज तिलाही आलाच.

ऊन होतं. सावली फक्त बँकेच्या बाजूला. म्हणून गाडीची वाट बघत आम्ही सगळे बँकेच्या पायऱ्यांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत भिंतीला धरून उभे राहिलो, एकामागे एक, माना खाली घालून. धुणंवाली पदराने डोळे पुसत होती. नर्सबाई रात्रपाळीवरून तशाच येऊन उभ्या होत्या. गाडी आली, बँकेसमोर क्षणभर थांबली आणि गेली. शटरं पुन्हा वर झाली. मी दुकानात येऊन कामाला लागलो.

त्या दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून जात होतं. कोण ते आजही माहीत नाही, आणि कळलं तर मी त्याचं काय करीन हेही सांगता येत नाही. त्याला काय दिसलं असेल? बँकेचं शटर अर्धं खाली, बाहेर माणसांची लांबलचक रांग, बाया रडतायत. त्याने फोटो काढला. खाली लिहिलं, बँक बुडाली वाटतं. आणि दिला पाठवून.

दुपारी जेवण उरकून मी चिमीकडे जायला निघालो तर दुकानासमोरच माणसांच्या पाठी. आधी वाटलं काकांच्या घरचे पाहुणे असतील. पण या माणसांचे चेहरे वेगळे होते. कधी न दिसणारे लोक होते, दुसऱ्या वस्त्यांतले, हातात पासबुकं धरलेले. सगळ्यात पुढे लोखंडवाला शेठ. हा माणूस सकाळी माझ्या शेजारी मान खाली घालून उभा होता! मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला तर माहीत आहे शटर का खाली होतं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला माहीत आहे. पण यांना माहीत नाही ना. हे सगळे काढून घेऊन गेले तर मी कुठे जाऊ?" खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मी रांगेत उभा राहिलो. फोन खिशात होता, फोटो तोवर माझ्याकडेही आला होता, तीन जणांकडून. फोटोत मी पण होतो. मान खाली, हात पाठीमागे. कुणालाही वाटलं असतं की या माणसाचं सर्वस्व गेलंय.

आत कॅशियर मुलगी भराभर नोटा मोजत होती आणि तिच्या ओठांवरचा घाम तिला पुसता येत नव्हता. चिमी केबिनमधून बाहेर येऊन एकेका माणसाशी बोलत होती. "काका, बँकेला काही झालेलं नाही. आमचे जुने खातेदार वारले, म्हणून शटर ओढलं होतं." लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि रांगेतच राहायचे. एक जण तर म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसासाठी बँक कधी शटर ओढते का?" चिमी पुढच्या माणसाकडे वळली.

मी खिडकीच्या जवळ आलो तसं तिने मला आत बोलावलं. केबिनचं दार लावून घेतलं.

"दादा, सगळ्या शाखांवर हेच चाललंय," ती म्हणाली. "मुख्य कचेरीने दुपारपासून मोठ्या रकमा पाठवणंच थांबवलंय. म्हणजे हॉस्पिटलच्या खात्यात मी इथून टाकू शकत नाही. आता ड्रॉवरमध्ये आहेत तेवढेच."

"मग त्यातले दे."

"देते. तुझे आहेत, मी नाही म्हणू शकत नाही. पण तुझी ठेव मोडली तर ड्रॉवर रिकामा होतो. तू खिडकीवरून हलायच्या आत मला हात वर करावे लागतील. आणि बाहेर सगळे तुझ्याकडेच बघतायत. मॅनेजरबाईंचा भाऊ काढतोय म्हटल्यावर इथे दगड पडतील."

"मागच्या दाराने दे. कुणाला कळणार आहे?"

हे मी बोललो. आणि बोलल्याबरोबर तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवलं नाही. ती हळूच म्हणाली, "बाहेर धुणंवाली उभी आहे. ती लाजून रांगेत सगळ्यात मागे थांबलीय. तिला खिडकीवर नाही म्हणू आणि तुला मागून देऊ? मग मी इथे कोण आहे, दादा? घ्यायचे तर खिडकीवर घे."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक करत होतं.

"पाच वाजेपर्यंत रांग ओसरली तर आपण तरलो," ती पुढे म्हणाली. "उद्या-परवा सुट्टी आहे, डोकी थंड होतील. सोमवारी सकाळी मुख्य कचेरीतून रोकड येणार, तसं त्यांनी कबूल केलंय. मी पहिलं काम तुझं करते. मी स्वतः हॉस्पिटलात घेऊन येते, वहिनीला आत न्यायच्या आधी. पण मी तुला थांब म्हणत नाही. वहिनीचा डोळा आहे. तू ठरव."

तू ठरव, असं ती म्हणाली. आणि मी ठरवलं.

कसं ठरवलं ते नीट सांगतो, कारण नंतर मी या एका गोष्टीचा इतका विचार केलाय की डोकं फुटायची वेळ आली. मला बँकेचा पुळका आला नव्हता. समोर माझी बहीण होती, जिला मी पाटीत बसलेली बघितलंय. तिची मान खाली जाऊ नये, एवढंच त्या वेळी मनात होतं. आणि दुसरं म्हणजे राग. त्या रांगेचा, त्या फोटोचा, शेठचा. रागात मला नेहमी वाटतं की मी बरोबर आहे.

मी केबिनबाहेर आलो, खिशातली पैसे काढायची चिठ्ठी वर धरली आणि सगळ्यांसमोर फाडली.

"बघा रे!" मी ओरडलो. "मी मॅनेजरबाईंचा भाऊ. सोमवारी माझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि तरी मी पैसे काढत नाहीये! लाज वाटते का कुणाला? एक नंबरकाका गेले म्हणून शटर खाली होतं! माणूस गेला म्हणून! तुमच्या वस्तीत माणसं मरत नाहीत का?"

मग नर्सबाई रांगेतून बाहेर पडल्या. "मी सकाळी इथेच होते," त्या म्हणाल्या, "मी साक्षीदार आहे." रिक्षावाला बाहेर पडला. धुणंवाली तर आधीपासूनच बाहेर पडायला निमित्त शोधत होती. दुसऱ्या वस्तीतले काही लोक एकमेकांकडे बघून पासबुकं खिशात घालायला लागले. पाच वाजता शटर खाली आलं तेव्हा ड्रॉवरमध्ये पैसे शिल्लक होते. चिमी पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. न्हावी म्हणाला, "तुम्ही आज गल्लीची अब्रू राखलीत." शेठ मात्र आपले सगळे पैसे घेऊन केव्हाच गेला होता. मी छाती पुढे काढून घरी गेलो.

बायको खिडकीपाशी बसली होती, डोकं एका बाजूला कलतं धरून. डॉक्टरने तसंच बसायला सांगितलं होतं.

"भरले पैसे?" तिने विचारलं.

"सोमवारी सकाळी चिमी घेऊन येणार आहे. बँकेत आज फार गर्दी होती." मग मी तिला सगळा पराक्रम सांगितला. चिठ्ठी कशी फाडली, लोक कसे रांगेतून बाहेर पडले. ती ऐकत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा डोकं कलतं धरून बसली. शनिवारी सावली थोडी वर आली. रविवारी आणखी थोडी. ती हाताचा पंजा डोळ्यासमोर धरायची आणि किती बोटं दिसतात ते स्वतःशीच बघायची, मी खोलीत आलो की हात खाली घ्यायची.

सोमवारी आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. तिला ऑपरेशनचे हिरवे कपडे दिले होते आणि केसांवर टोपी. काउंटरवरचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला. मग फोन वाजला.

"दादा." चिमीचा आवाज होता. "दादा, दारावर कागद लावलाय. वरून आदेश आला. बाकीच्या शाखांवर शुक्रवारी सगळं रिकामं झालं होतं. आता कुणालाच काढता येणार नाहीत, आठवड्याला घरखर्चापुरते सोडून. रोकड आलीच नाही, दादा. मी काय करू?"

मी तिला काय सांगणार? भिंतीला टेकून मी बसलो आणि बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारत राहिली, "काय झालं? अहो, काय झालं?" तिला माझा चेहरा अर्धाच दिसत होता, म्हणून तिला सांगावं लागलं. तोंडाने सांगावं लागलं.

डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "गुरुवारपर्यंत मी जागा धरून ठेवतो. त्याआधी आणलेत तर त्याआधी करतो. पण रोज उशीर होतोय हे लक्षात ठेवा." बायकोने हिरवे कपडे उतरवले, घडी करून परत दिले. मी तिला घरी सोडलं आणि धावत सुटलो.

आजारपणासाठी अर्ज करता येतो, असं चिमीने सांगितलं. तिने तिथल्या तिथे तो लिहिला, डॉक्टरचा कागद जोडला आणि वर पाठवला. वर म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. तिथे फोन केला की "अर्ज विचारात आहे" असं सांगायचे. आमच्या डोळ्याचा विचार चालला होता आणि डोळा थांबत नव्हता. मग मी माणसांकडे गेलो. पण ज्यांच्याकडे मागावं त्यांचे पैसे याच बँकेत, माझ्याच सांगण्यावरून न काढता राहिलेले. न्हाव्याने गल्ल्यातलं होतं नव्हतं ते माझ्या हातात दिलं आणि मान फिरवली. नर्सबाई म्हणाल्या, "माझ्या आईचं औषध आणायचंय, तेही अडलंय." त्या मला बोलल्या नाहीत, पण शुक्रवारी कुणाचं ऐकून त्या रांगेतून बाहेर पडल्या होत्या, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. धुणंवाली मला बघून दुसऱ्या गल्लीत वळली. ती मला टाळत होती की मीच तिला, कोण जाणे.

शेवटी शेठकडे गेलो. पायरीवर उभं राहायला लागलं तेव्हा वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. शेठ कठोर नव्हता. म्हणाला, "बस. पाणी घे. देतो, पण असेच नाही देऊ शकत. मशीन देऊन टाक मला. मला तसंही पोराला दुकान टाकून द्यायचंय." मी म्हटलं, "उचलून न्या." दोन हमालांनी मशीन उचललं तेव्हा टेबलावर चौकोनी पांढरा डाग राहिला. तेवढ्याने भागलं नाही. बुधवारी चिमी आली, हातात रुमालाचं गाठोडं. तिच्या बांगड्या. मी घेतल्या. नाही म्हणायची ऐपत माझ्यात उरली नव्हती, ना पैशाची ना मनाची.

गुरुवारी ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टरने मला बाजूला घेतलं. त्याला बोलताना माझ्याकडे बघवत नव्हतं. "पडदा बसवलाय. पण मधला भाग सुटला होता. मंगळवारी किंवा बुधवारी सुटला असावा. सोमवारी तो जागेवर होता, मी तपासलं होतं. आता उजेड कळेल. माणूस आला-गेला कळेल. बारीक काम मात्र..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. सोमवारी तो जागेवर होता, हे त्याने मला सांगायला नको होतं. पण तो सरळ बोलणारा माणूस होता.

पट्टी निघून आठवडा झाल्यावर एका सकाळी चिमी घरी आली. बँकेत जायच्या आधी आली होती. अजूनही ती रोज जाते, रोज शटर उघडते आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन घरखर्चापुरत्या नोटा वाटते. बायको पलंगावर बसली होती. मांडीवर कुणाचातरी कोट होता, आधी घेतलेलं काम, परत द्यायचा राहिलेला. ती त्याच्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत होती.

चिमी तिच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. "वहिनी, मला माफ कर. मी दादाला बोलावून घ्यायलाच नको होतं. गप्प बसून पैसे द्यायला हवे होते."

"उठ," बायको म्हणाली. "तुझ्यावर माझा राग नाही. तुला शाखा सांभाळायची होती. आणि तू त्यांना सांगितलंस ना, खिडकीवर घे म्हणून? सांगितलंस. तुझं काम तू केलंस." तिने चाचपत चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्या दिशेला तोंड केलं.

"अहो, त्या दिवशी फोन होता ना तुमच्या खिशात?"

"होता," मी म्हणालो.

"मग मला का नाही विचारलं?"

मी तोंड उघडलं. "एवढी गर्दी होती, चिमी समोर उभी होती, मला वाटलं..."

"त्या गर्दीला तुम्ही ओरडून सांगितलंत की बायकोचा डोळा आहे. परक्या वस्तीतल्या माणसांनाही सांगितलंत. मला मात्र घरी आल्यावर कळलं." आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, पण तिचा आवाज चढलाच नाही. "विचारलं असतं तर कदाचित मीही म्हटलं असतं, राहू द्या, सोमवारी बघू. धुणंवाली माझीही मैत्रीण आहे. चिमी मलाही पोरीसारखी आहे. म्हटलंही असतं. पण मग ते मी दिलं असतं. तुम्ही माझा डोळा मला न विचारता देऊन आलात आणि घरी येऊन तुमचा पराक्रम मलाच सांगत बसलात."

चिमीचं रडणं थांबलं होतं. तिची जायची वेळ झाली होती, तिथे लोक वाट बघत असणार, पण ती उठली नाही. मी पलंगासमोर उभा होतो. बायको माझ्याकडे बघत होती, आणि माझा चेहरा तिला दिसतोय की नाही, हे विचारायचीही मला हिंमत झाली नाही.